आठवं हितगुज

“आठ,” टेकाळे फोनवर म्हणाले.

“याही महिन्यात आठ? तुमच्या टीममध्ये माणसं सात आहेत ना?”

“सातच हायेत जी. पण हितगुजं आठ झाली. आठ लिहा.”

मी आठ लिहिलं. वाद घालायचा माझा स्वभाव नव्हता आणि फोनवर तर नाहीच. फोन करण्याआधी मी काय बोलायचं ते चिठोऱ्यावर लिहून घेत असे. ‘नमस्कार, हेड ऑफिसमधून पाथ्रीकर बोलतोय’ इथपासून सगळं, स्वतःचं नावसुद्धा. त्या चिठोऱ्यावर याच्या पुढचा प्रश्न नव्हता, म्हणून तो मी विचारला नाही.

“बरं सर,” टेकाळे म्हणाले, “डोळ्याचं काय केलं?”

“बघू. पुढच्या महिन्यात.”

“मागच्या खेपेलेही तुमी पुढच्या महिन्यातच म्हणे.”

“हो, पण काम फार आहे सध्या.”

“काम तं राहीनच जी. डोळे राह्यले पाह्यजेत.” आणि नेहमीसारखं थोडं थांबून, “जेवण गेलं काय?”

“गेलं,” मी म्हणालो. गेलं नव्हतं.

ही गोष्ट जालन्यातली, वीसेक वर्षांपूर्वीची. मी एका बियाण्यांच्या कंपनीत होतो. बियाण्याच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद असतो. पेरणी कधी करावी, दोन ओळींत अंतर किती ठेवावं, उरलेलं बी खाऊ नये, वगैरे. तो कागद कुणी वाचत नाही. मी वाचत असे. त्याची मुद्रितं तपासायची हेच माझं काम होतं. मला ते आवडायचं. एकट्यानं करायचं काम होतं आणि त्यात कुणाशी बोलावं लागत नसे.

मग मालकांच्या जावयांनी पुण्याहून एक सल्लागार बाई आणल्या. त्यांनी सांगितलं की टीम लीडरनं आपल्या माणसांना नुसतं पळवू नये, घडवावं. त्यासाठी दर आठवड्याला टीम मीटिंग, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक माणसाशी एकट्यानं बसून बोलणं. त्या बोलण्याला त्यांनी नाव दिलं ‘हितगुज’. हितगुजात प्रश्न तीनच विचारायचे: या महिन्यात काय जमलं, काय अडलं, पुढच्या महिन्यात काय करणार? बाई गोड बोलायच्या. टाळ्या झाल्या, सामोसे झाले, आणि मग प्रश्न आला की हे सगळं होतंय की नाही ते बघणार कोण.

“पाथ्रीकर बघतील,” आमचे जनरल मॅनेजर बिडकर साहेब म्हणाले. “तसेही ते वाचतच बसलेले असतात.”

बिडकरांच्या केबिनबाहेर मोठा पांढरा फळा लागला. प्रत्येक टीम लीडरची एक ओळ. ओळीत टीम मीटिंग आणि हितगुज असे दोन रकाने, प्रत्येकात अपेक्षित किती आणि झाली किती. आकडे जुळले की लोहचुंबकाचं हिरवं बटण, नाही जुळले तर लाल. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी सगळ्यांना फोन करायचा आणि फळा भरायचा.

पहिले दोन-तीन महिने लाल बटणं कमी पडली. मग बिडकरांनी लाल बटणवाल्यांना मेमो दिले. त्यानंतर सगळा फळा हिरवागार झाला. बारा माणसांची टीम असेल तर हितगुजं बारा. बारातला एक महिनाभर इस्पितळात असला तरी बारा. लोक आकडा सांगत आणि फोन ठेवून देत. सगळ्यात वरची ओळ खुद्द बिडकर साहेबांची होती, कारण टीम लीडरांशी हितगुज त्यांनी करायचं होतं. त्यांना काही विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. “माझ्या ओळीत ‘पूर्ण’ लिहून टाकत जा,” ते म्हणाले होते. “मी सगळ्यांशी बोलतच असतो.”

मेहकरचे टेकाळे तेवढे वेगळे. ते आकडा सांगून फोन ठेवत नसत. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मी कल्पना केली होती एका सडपातळ, बोलघेवड्या तरुणाची, ज्याच्यापाशी संध्याकाळी रिकामा वेळ आहे. मी कुंडलिका नदीच्या पलीकडे दोन खोल्यांत एकटा राहतो, खानावळीच्या डब्यावर जेवतो, हे त्यांना कसं कळलं ते मला सांगता येणार नाही. मीच सांगितलं असणार. मोतीबिंदूचंही मीच सांगितलं. उजव्या डोळ्यानं अक्षरं धुरकट दिसायला लागली होती. ऑपरेशननंतर दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यात थेंब टाकायला माणूस लागतो, असं डॉक्टर म्हणाले. माणूस कुठून आणणार? म्हणून मी ते पुढं ढकलत होतो. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला दिसत नाही, हे सांगायची गोष्ट आहे का?

त्या शनिवारी फळा भरून मी जागेवर येऊन बसलो, तोच बिडकरांचा आवाज आला.

“पाथ्रीकर, हे आठ काय आहे?”

“ते टेकाळे. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.”

“सातपैकी आठ?”

“हो. दर महिन्याला आठच सांगतात.”

“दर महिन्याला! आणि तुम्ही लिहीत बसलात!” त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन दार लावून घेतलं. “अहो, मंगळवारी जावईसाहेब फळा बघायला येतायत. आठवा माणूस आणायचा कुठून? हा आकडे ठोकून देतो. ठोकायचे तर निदान नीट ठोकावेत की! आता एकाचा आकडा खोटा निघाला, की ते सगळ्यांचे तपासणार.”

“कदाचित त्यांच्याकडून मोजण्यात…”

“सात माणसं मोजता येत नसतील तर त्याला टीम कशाला द्यायची? तुम्ही सोमवारी मेहकरला जा. आठवा माणूस दाखव म्हणावं. दाखवला तर ठीक. नाही दाखवला तर टीम काढून घेतो आणि गोदामात पिशव्या मोजायला बसवतो. तिथं मोजणं पक्कं होईल.”

“मी फोनवर विचारू का?”

“फोन करू नका. सावध होईल.”

मी आयुष्यात कुणाची चौकशी केलेली नव्हती. रविवारी चिठोऱ्यावर प्रश्न लिहून काढले. ‘आठवी व्यक्ती कोण?’ हे वाक्य मला फार उद्धट वाटलं, म्हणून ते खोडून ‘आठव्या हितगुजाविषयी थोडी माहिती हवी होती’ असं केलं.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघालो. देऊळगाव राजा गेलं, सिंदखेड राजा गेलं. सोबत पुस्तक होतं, पण चालत्या गाडीत आता ते जमत नसे. मेहकरला उतरून कंपनीचं गोदाम विचारत गेलो. दारात एक धिप्पाड, पन्नाशीचा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. तो माझ्याकडं बघत राहिला.

“पाथ्रीकर सर काय?”

“हो. तुम्ही कसं ओळखलं?”

“पाटीले डोळे बारीक करून वाचू राह्यले होते तुमी. म्हटलं, हेच.” ते हसले. “मी टेकाळे. या न, बसा. बरोबर मीटिंगच्या टायमाले आले.”

आत बियाण्याच्या थप्प्यांवर त्यांची माणसं बसली होती. मोजायची इच्छा नव्हती, पण मी मोजली. सात. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मी चिठोरं काढून मांडीवर धरलं आणि म्हणालो की हेड ऑफिसला हितगुजांची थोडी माहिती हवी आहे. ती नीट होतात ना?

“होतात न जी,” पुढं बसलेला देवानंद इंगळे म्हणाला. हा एकदा जालन्याला ऑफिसात येऊन गेलेला, म्हणून मला चेहरा आठवत होता. “माहं तं गाडीचं पंक्चर काढता काढता घेतलं यायनं. काय अडलं म्हणे. म्हटलं, बायको माहेरी जाऊन बसली. तं म्हणे, आधी लोणारचं बियाणं पोचव, मंग बायको आण.”

“मग?”

“आणली न जी बायको. बियाणं राह्यलं.”

सगळे हसले. टेकाळ्यांनी टॉवेल उगारला. “त्या बियाण्यापायी सोसायटीवाल्याच्या शिव्या मी खाल्ल्या, लेका.”

“मंग? तुमीच तं म्हणे, जे अडलं ते आधी काढ.”

एकेकानं सांगितलं. कुणाचं शेताच्या बांधावर झालं होतं, कुणाचं सासरा वारला तेव्हा त्याच्या अंगणात. खोटं वाटावं असं काही नव्हतं. मी चिठोऱ्याकडं पाहिलं आणि म्हणालो, “आणि आठव्या हितगुजाविषयी थोडी माहिती…”

सगळे टेकाळ्यांकडं बघायला लागले.

“आठवं कोणाचं?” देवानंद म्हणाला. “घरातलंही मोजता काय, सर?”

“हाय एक,” टेकाळे म्हणाले. “तुमच्यातला नाही.”

“नाव सांगता का?” मी विचारलं.

“आता?” ते चुळबुळले. “इतक्या लोकायसमोर कसं सांगू? ज्याचं त्याचं हितगुज असते जी.”

पुढचं मी चिठोऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. “टेकाळे, साहेबांनी सांगितलंय, आठवा माणूस दाखवला नाही तर… तुमच्याकडं टीम राहणार नाही.”

टेकाळ्यांनी एकच विचारलं.

“हे पोट्टे कोणाकडं देतीन?”

“ते मला माहीत नाही.”

“चाला सर,” ते उठून म्हणाले. “तुमाले स्टँडवर सोडतो. परतीची गाडी हाय आता.”

देवानंद आमच्यामागं दारापर्यंत आला. “सांगून टाका न सर नाव,” तो म्हणाला. “कोण एवढा मोठा लागून गेला?” टेकाळ्यांनी त्याला हातानंच आत जायला सांगितलं.

स्टँडवर आम्ही एका बाकड्यावर बसलो. टेकाळ्यांनी दोन चहा घेतले, माझा माझ्या हातात दिला, बशी नीट बसली की नाही ते पाहिलं. समोर एक कंडक्टर गाडीची पाटी बदलत होता.

“तुमीच, सर,” टेकाळे म्हणाले.

“काय मी?”

“आठवे. तुमीच हाये.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“देवानंद तुमच्या ऑफिसातून फळा पाहून आला होता,” ते सांगायला लागले. “म्हटलं, त्यावर कोणाकोणाची नावं हायेत? तं म्हणे, समद्यायची हायेत. म्हटलं, पाथ्रीकर सर कोणाच्या ओळीत हायेत? म्हणे, ते कोणाच्याच नाही, ते बटणं लावतात. मंग म्हटलं, यायचं कोण घेत असंन? म्हणून फोन ठेवायच्या आधी तुमाले तिन्ही इचारतो. काय जमलं, काय अडलं, पुढं काय करसान. तुमी सांगता. मंग झालं न हितगुज? झालं तं मोजलं. मले वाटलं, तुमाले समजते.”

मला समजलं नव्हतं. कोणत्या महिन्यात त्यांनी काय विचारलं होतं ते आता एकेक करून समोर यायला लागलं. ‘या महिन्यात कोणतं पुस्तक झालं?’ ‘खानावळवालीचं मीठ कमी झालं काय?’ ‘डोळ्याचं काय केलं?’ आणि प्रत्येक वेळी मी पुढच्या महिन्यात म्हणालो होतो. मी घरी जाताना ती वाक्यं मनात घोळवत जात असे. या माणसाला आपल्याशी बोलावंसं वाटतं, असं मला वाटायचं. आता कळलं, त्याचाही एक रकाना होता.

“म्हणजे तुम्ही आकड्यासाठी विचारत होता,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

टेकाळ्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. “आकड्यासाठी इचारलं असतं तं सातवर थांबलो नसतो काय? आठमुळंच तं फसलो मी.”

चहा निवला होता, तो मी तसाच पिऊन टाकला.

गाडी लागली. ते मला जागा धरून द्यायला आत चढले, खिडकीची जागा पाहून टॉवेल टाकला, मी बसल्यावर तो उचलून घेतला.

“नाव नका सांगू, सर,” ते हळूच म्हणाले. “तुमी लाजाळू माणूस. उगाच हसतीन लोक. माही मोजण्यात चूक झाली म्हणा.”

“मग ते म्हणतील, आकडे ठोकत होता.”

“म्हणू द्या.”

“टीम जाईल.”

ते खाली उतरले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

जालन्यापर्यंत मी दोन वाक्यं जुळवत होतो. एक होतं, ‘मोजणीत चूक झाल्याचे संबंधितांनी मान्य केले.’ ते सुबक होतं. दुसरं काही केल्या सुबक होईना. दुसरं वाक्य बोललो की ऑफिसात मधल्या सुट्टीत काय चालेल ते मला ऐकू येत होतं. पाथ्रीकरांना बोलायला कुणी नाही. पाथ्रीकर मेहकरच्या माणसाला फोनवर डोळ्याचं सांगतात. छप्पन्न वर्षांचं वय होतं माझं. तोवर कुणी माझ्याबद्दल फारसं काही बोललं नव्हतं, आणि तेच मला बरं वाटायचं.

मंगळवारी केबिनमध्ये जावईसाहेबही होते. तरुण होते, चांगल्या इस्त्रीचा शर्ट, हातात पेन.

“हं, पाथ्रीकर,” बिडकर म्हणाले. “सापडला आठवा?”

“झालेलं आहे, साहेब. आठवं हितगुज झालेलं आहे. दर महिन्याला होतं.”

“कुणाशी?”

लिहून आणलेला कागद खिशात होता. तो काढला नाही.

“माझ्याशी.”

बिडकर आधी जावईसाहेबांकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागले. “तुमच्याशी? अहो, हितगुज म्हणजे माणसाच्या प्रगतीसाठी असतं. तुमची कसली प्रगती?”

“मोतीबिंदू,” मी म्हणालो.

दोघंही हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. दारात चहा घेऊन आलेला माणूसही हसला. मी उभा राहिलो. नंतर जावईसाहेब हसायचे थांबले.

“हे कुठल्या टीममध्ये आहेत?” त्यांनी बिडकरांना विचारलं.

“तसे हे… थेट कुणाच्या टीममध्ये नाहीत.”

“मग अपेक्षितमध्ये नाहीत. अपेक्षितमध्ये नाहीत तर झालेल्यामध्येही धरता येणार नाहीत.”

“बरोबर,” बिडकर म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी स्वतः बाहेर जाऊन डस्टरनं आठ पुसला, सात लिहिला. “सातपैकी सात. शंभर टक्के. विषय संपला.” मग माझ्याकडं वळून, “आणि पाथ्रीकर, यापुढं फोनवर फक्त आकडा. गप्पा नाहीत. तसं त्या टेकाळेलाही कळवलंय म्हणून समजा.”

टेकाळ्यांची टीम राहिली.

मधल्या सुट्टीत जे होणार होतं ते झालं. ‘काय पाथ्रीकर, या महिन्यात काय जमलं?’ असं कुणीतरी विचारायचं आणि बाकीचे हसायचे. मी डब्यात मान घालून जेवत असे. थोड्या दिवसांनी त्यांना कंटाळा आला. तेही थांबल्यावर पुन्हा पूर्वीसारखं शांत झालं, आणि ती शांतता मला पूर्वीसारखी बरी वाटेना.

त्या महिन्यात मी एक गोष्ट केली. इस्पितळात गेलो आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आलो. थेंब कोण टाकणार या प्रश्नाला काही उत्तर मिळालं नव्हतं, तरी तारीख घेतली. शेवटच्या शनिवारची वाट मी कधी पाहिली नव्हती. त्या महिन्यात पाहिली.

शनिवारी सगळे फोन झाले. मेहकर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ऑफिस रिकामं झालं होतं.

“नमस्कार, हेड ऑफिसमधून पाथ्रीकर बोलतोय.”

“नमस्कार, सर. टीम मीटिंगा चार. हितगुजं सात.”

“सात,” मी म्हणालो आणि लिहिलं.

मी थांबलो. तेही थांबले. ते काही विचारणार नव्हते. त्यांना तसं सांगितलेलं होतं. खिशातला इस्पितळाचा कागद मी बोटांनी चाचपत होतो. रिसीव्हरमधून मेहकरच्या रस्त्यावरचा ट्रक जाताना ऐकू आला.

“ठेवू काय, सर?” टेकाळे म्हणाले.

समोर दार उघडं होतं आणि दारातून फळा दिसत होता. डाव्या डोळ्यानं मला सगळ्यात वरची ओळ वाचता येत होती. बिडकर साहेब, हितगुज, पूर्ण. ती मीच लिहिली होती, महिन्यामागून महिने.

“टेकाळे,” मी म्हणालो, “तुमचं कोण घेतं?”

“काय?”

“हितगुज. बिडकर साहेबांनी तुमचं कधी घेतलंय का?”

“माहं?” ते हसल्यासारखे झाले. “माहं कोण घेईन जी?”

माझ्या चिठोऱ्यावर यातलं काहीच नव्हतं. मी ते उलटं करून ठेवलं.

“या महिन्यात काय जमलं?” मी विचारलं.

मला वाटलं, लाईन तुटली.

“टेकाळे?”

“हाव जी, हाये,” ते म्हणाले. “जरा थांबा, सर. बसतो.”

आणि फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.